गूढ प्रेममालिकेतली भीती कशी लिहावी

नायिका विहिरीवर जाते, तिला काहीतरी दिसतं, ती किंचाळते, नायक धावत येतो आणि ती त्याला बिलगते. पहिल्या भागात हे चालून जातं. दहाव्या भागापर्यंत किंकाळी कधी येणार हे प्रेक्षकाला आधीच कळलेलं असतं आणि बिलगण्यातून त्या दोघांबद्दल नवं काही समजत नाही. गूढ प्रेममालिका बहुतेक वेळा इथंच कोसळते. भुताचा धाक कमी पडत नाही, पण भीती एका सीनमध्ये आणि प्रेम दुसऱ्या सीनमध्ये लिहिलं जातं.

या प्रकारातल्या प्रत्येक पात्राला दोन भीती असतात. एक अंधारात जे उभं आहे त्याची. दुसरी, आपण झाकून ठेवलेलं समोरच्या माणसाला कळेल याची. पहिलीतून सुटायचं तर दुसरीला तोंड द्यावंच लागेल अशी पात्राची कोंडी करणं, हे पटकथाकाराचं काम. ते कसं करायचं हे पुढं एकाच उदाहरणावर दाखवलं आहे. उदाहरण परभणी जिल्ह्यातल्या काल्पनिक गावाचं आणि २४ भागांच्या मालिकेचं आहे. रोजच्या मालिकेलाही पद्धत तीच, फक्त पायऱ्या जास्त भागांवर पसरवाव्या लागतात.

पायरी १: भुताच्या आधी झाकलेली गोष्ट ठरवा

कागदाचे दोन भाग करा, प्रत्येक पात्राला एक. त्यात चार ओळी लिहा: काय झाकलंय, कुणापासून झाकलंय, ते कळलं तर समोरचा आपल्याला काय समजेल, आणि ते झाकण्यासाठी हे पात्र रोज काय करतं. चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण कॅमेऱ्याला तेवढीच दिसते.

आपली नायिका अश्विनी, वय २७, मूळची बीड जिल्ह्यातली, आईवडील ऊसतोड मजूर. ती भूजल खात्यात काम करते आणि गावोगावच्या विहिरींची पाणीपातळी मोजते. ती सात वर्षांची असताना दिवाळीनंतर ट्रक दारात उभा राहिला. आई तिला शेवटचं जवळ घ्यायला हाका मारत होती. ही कणगीमागं लपली आणि ओ दिली नाही. ट्रक गेला. पाडव्याच्या सुमारास आई परत आली, कुणाला काही झालं नाही, घरात तो विषय कधी निघालाही नाही. पण तेव्हापासून अश्विनी कुणालाच हाक मारून थांबवत नाही आणि ‘परत कधी येणार’ असं विचारत नाही. ही झाली चौथी ओळ.

नायक किसन, हेच आपलं भूत. १९७२ च्या दुष्काळात बारवेतला, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीतला, गाळ काढताना बुडून मेला तेव्हा वय २२. त्याची झाकलेली गोष्ट अशी: दुष्काळी कामावर सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) वाटायचे. आठ वर्षांच्या बहिणीच्या, गोदाच्या वाट्याची सुकडी त्यानं एक दिवस वाटेतच खाल्ली आणि ‘आज वाटलीच नाही’ असं घरी सांगितलं. तो रोज काय करतो? कुणाच्या आधी खात नाही आणि खाण्याचा विषय निघाला की टाळतो.

दोन्ही गोष्टी लहान आहेत. खून, बलात्कार, खानदानी शाप अशी झाकलेली गोष्ट घेतली की ती कळण्याचा सीन पोलिसी होतो, तिथं जवळीक राहत नाही. माणूस आयुष्यभर वागवतो ती लाज बहुतेक वेळा दुसऱ्याला क्षुल्लक वाटेल एवढीच असते. सांगावं तर हसू होईल, न सांगावं तर झोप नाही. प्रेमकथेला हवी ती हीच. तुमच्या पात्राची गोष्ट ऐकून ‘एवढंच?’ असं कुणी म्हणू शकत असेल, तर तुम्ही योग्य जागी आहात.

आणखी एक तपासा: दोघांच्या गोष्टी एकमेकांना कुठंतरी भिडतात का? इथं एकानं खोटं सांगितलं, दुसरीनं ओ दिली नाही, आणि दोघांनीही हे घरातल्या माणसाशी केलं. त्यामुळं एकाचं ऐकताना दुसऱ्याला आपलं आठवणं अटळ आहे.

पायरी २: भुताचे नियम त्या गोष्टीवरून काढा

नियम तीन पुरेत. चौथा घेतलात तर पहिला कुणाच्या लक्षात राहत नाही. आपले तीन असे:

- नाव घेऊन हाक मारल्याशिवाय किसन पाण्यावर येऊ शकत नाही.
- तो खोटं बोलला की एक पायरी खाली जातो.
- बारवेत पाणी आहे तोवरच तो दिसतो.

पहिला नियम अश्विनीला तेच करायला लावतो जे ती वीस वर्षं टाळत आली आहे. दुसरा किसनचं झाकणं उघड्यावर आणतो. तिसरा दोघांवर घड्याळ लावतो. पाणीपातळीची मोजणी पावसाळा संपल्यावर, मग जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेमध्ये होते, म्हणजे अश्विनीच्या फेऱ्या चार. प्रत्येक फेरीला सहा भाग. ऑक्टोबरला बारव काठोकाठ, मेमध्ये तळ दिसतो. टेप विहिरीत सोडून ती जो आकडा वहीत लिहिते, तोच त्यांच्याजवळ उरलेला वेळ आहे हे प्रेक्षकाला कुणी सांगावं लागत नाही.

भुताला काय येऊ नये, हेही लिहून ठेवा. त्याला मनातलं वाचता येता कामा नये. मन वाचणारा नायक आकर्षक वाटतो, पण तो नायिकेकडून सांगण्याचा हक्कच काढून घेतो. सांगायचं की नाही हे तिच्या हातात असेल तरच सांगण्याला किंमत. तो सर्वशक्तिमानही नको. ज्याचं काही जाणार नाही त्याला भीती नाही, आणि ज्याला भीती नाही त्याच्यासमोर मन उघडं करणारी बाई धोक्यात असते. नियमांमुळं दोघांचंही काही पणाला लागलेलं असलं पाहिजे.

मराठवाड्यात मालिका घडत असेल तर इथं एक गोष्ट सांभाळायलाच हवी. या भागात भानामतीच्या नावाखाली खऱ्या बायकांना मार पडला आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, एखादी व्यक्ती करणी करते असं पसरवून तिला त्रास देणं, हे सगळं त्यात गुन्हा आहे. मालिकेत असा प्रसंग आला तर त्याचे परिणामही दाखवा, आणि उपाय म्हणून देवऋषी यशस्वी होताना कधीही दाखवू नका. भुताचं मूळ एखाद्या विधवेत, एखाद्या जातीत किंवा वस्तीत ठेवू नका. आसरा, मुंजा, चकवा यांच्याबद्दल लोकांच्या समजुती आहेत. त्या पात्रांच्या तोंडी येऊ द्या, पण मालिकेचे नियम स्वतःचे बनवा. किल्लारीच्या भूकंपासारखी खरी आपत्ती भुताच्या जन्मासाठी वापरणं टाळावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्यांची घरं बसली ती माणसं अजून तुमची प्रेक्षक आहेत. १९७२ चा दुष्काळ या कथेत चालतो, कारण त्याचा उपयोग धक्क्यासाठी केलेला नाही. किसनची भूक त्यातूनच येते.

पायरी ३: जागा निवडा, पण ती लपू देणार नाही अशी

पडका वाडा ही नेहमीची निवड. वाड्यात ढेलज, माजघर, बळद, माळवदावर जायचा जिना असं सगळं असतं, पण वाड्यात पात्रं एकमेकांपासून दूर जाऊ शकतात. बारव या कामाला अधिक चांगली. उतरायची वाट एक किंवा दोन, तिन्ही-चारी बाजूंनी दगड, आणि बोललेला शब्द परत ऐकू येतो. मराठवाड्यात बारवा भरपूर आहेत. सेलू तालुक्यातल्या वालूरच्या बारवेत पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात. तशी रचना घेतली तर दोन पात्रं एकमेकांना दिसत असूनही जवळ पोचायला पूर्ण वळसा लागतो, आणि हे अंतर सीनमध्ये खेळवता येतं.

रात्री तिथं जायचं कारण मात्र पक्कं हवं. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते, त्यामुळं दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, माणसं रात्रीच शेतात असतात. विंचू, साप, अंधार हे त्यांचं रोजचं भेव. आजूबाजूच्या मोटारी बंद झाल्यावर बारवेत पाणी किती भरून येतं हे पाहायला अश्विनी थांबते, एवढं कारण पुरतं. आणि ऑटोवर टाकलेली मोटार वीज आल्याबरोबर आपोआप खट्कन सुरू होते. या भागातल्या प्रत्येक घरानं तो आवाज ऐकलेला आहे. दचकवायला तो आणा, बाहेरून आणलेल्या तीव्र संगीतापेक्षा तो खोलवर जातो.

पायरी ४: उघडं पडण्याची शिडी

कबुली एकदम देऊ नका. प्रत्येक पात्रासाठी पाच टप्पे लिहा: दुसऱ्याला सवय लक्षात येते, सवयीचं अर्धं कारण बाहेर येतं, पूर्ण गोष्ट सांगितली जाते, ती गोष्ट भांडणात वापरली जाते, आणि शेवटी सवय मोडते. चौथा टप्पा बहुतेक जण गाळतात. त्याबद्दल पुढं बोलू.

टप्पे दोघांमध्ये आलटून पालटून ठेवा. एकाच पात्रानं सलग दोन टप्पे चढले की दुसरं पात्र समुपदेशकासारखं वागायला लागतं. भिंतीवर तक्ता लावा: भाग क्रमांक, कोण घाबरलं, कोण उघडं पडलं, त्याची किंमत कुणी मोजली. सलग तीन भागांत ‘घाबरली: अश्विनी, वाचवलं: किसन’ असं दिसलं तर चौथ्या भागात उलटं घडलंच पाहिजे. भुताला कसली भीती, असं कुणी विचारलं तर किसनकडं उत्तर आहे: गोदा अजून जिवंत आहे. साठीची म्हातारी आहे, गावातच राहते आणि अश्विनीला चहा पाजते.

पायरी ५: एक सीन जवळून

भाग ९. जानेवारी. किसनचा दुसरा टप्पा, म्हणजे सवयीचं अर्धं कारण. लांबी साधारण साडेतीन मिनिटं. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता २० ते २२ मिनिटं हाती येतात, त्यात एवढा लांब सीन एकच परवडतो. म्हणून तो शेवटच्या ब्रेकच्या आधी ठेवा.

*बारव. रात्र. अश्विनी पायरीवर बसली आहे. टॉर्च शेजारी, उजेड पाण्यावर. किसन चार पायऱ्या खाली, पाणी गुडघ्याला. ती डबा उघडते. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी.*

अश्विनी: घ्या. दोन आहेत.

किसन: भूक न्हाई.

*पाणी त्याच्या मांडीपर्यंत येतं. अश्विनी पाहते. काही बोलत नाही. अर्धी भाकरी पायरीवर ठेवते.*

किसन: खाऊन आलोय म्या.

*पाणी कमरेला. लांब शेतात मोटार खट्कन सुरू होते. अश्विनी दचकते, टॉर्च गडगडत पाण्यात जातो. अंधार. नुसती मोटारीची घरघर.*

अश्विनी: कुठंय तुम्ही?

*उत्तर नाही.*

अश्विनी: … किसन?

किसन: हितंच हाय.

अश्विनी: वर या की.

किसन: तुमी खावा आधी.

अश्विनी: का?

*मोठा थांबा.*

किसन: म्या आधी खाल्लं की दुसऱ्याला उरत न्हाई.

*पाणी हलल्याचा आवाज येत नाही. अश्विनी पुढं काही विचारत नाही. अंधारात भाकरी मोडल्याचा आवाज. चावल्याचा आवाज.*

अश्विनी: खाल्लं मी. आता तुम्ही.

*पाण्यातून एक पाऊल वर आल्याचा आवाज. मग दुसरं.*

हा सीन चालतो तो कशामुळं? पहिल्या चाळीस सेकंदांत दोन खोटी वाक्यं आहेत आणि नियमामुळं ती खोटी आहेत हे अश्विनीलाही कळतं, प्रेक्षकालाही. ती पकडत नाही. पकडलं असतं तर सीन चौकशीचा झाला असता. मोटारीनं दचकवल्यावर टॉर्च जातो, म्हणजे भयानं दोघांचे चेहरे झाकले. माणूस लाजेची गोष्ट दिसत नसताना सांगतो. अंधारानं घाबरवलं आणि त्याच अंधारानं सांगायला जागा दिली. तिलाही त्याला नावानं हाक मारावी लागली. त्या एका ‘किसन’आधी जो थांबा आहे तो तिच्या टप्प्याचा आहे आणि दिग्दर्शकाच्या प्रतीत तो तसा लिहून द्यावा लागतो, नाहीतर संकलनात पहिल्यांदा तोच कापला जातो.

शेवटचं वाक्य खरं असल्यामुळं तो खाली जात नाही. नियम इथं न घडण्यातून दिसतो. हे ध्वनीवर अवलंबून आहे, म्हणून पटकथेतच लिहा: इथं पार्श्वसंगीत नाही, मोटारीची घरघर चालू. आणि त्यानं गोदाचं नाव घेतलेलं नाही. ते तिसऱ्या टप्प्यावर, मार्चमध्ये.

पायरी ६: ऐकणाऱ्याचं काय

कबुलीचा सीन सांगणाऱ्याच्या वाक्यांवर कमी आणि ऐकणाऱ्याच्या पुढच्या कृतीवर जास्त उभा असतो. चार प्रतिसाद हाताशी येतात आणि चारही सीन मारतात. ‘तुझी काही चूक नव्हती’ अशी समजूत, कारण तिनं लाज पुसली जात नाही, फक्त बोलणं बंद होतं. सल्ला. लगेच मिठी किंवा चुंबन, ज्यानं ऐकणाऱ्याची सुटका होते. आणि फ्लॅशबॅक. फ्लॅशबॅकमध्ये लहान गोदा, पत्र्याचं ताट, सुकडी असं सगळं दाखवलं की प्रेक्षक किसनचा चेहरा सोडून १९७२ मध्ये निघून जातो. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर थांबा. दुष्काळ त्याच्या शब्दांतून दिसू द्या: मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) लालसर भाकरी, फोडलेली खडी, हातावरचे फोड.

ऐकणाऱ्याला एक लहान, हातानं करायची गोष्ट द्या. आधी घास खाणं. चप्पल काढून एक पायरी खाली येणं. वहीत आकडा लिहायचा थांबवणं.

पायरी ७: भीती या भागात कशी बोलतात

‘मला तुला गमवायची भीती वाटते’ असं परभणीत कुणी म्हणत नाही. अशी वाक्यं अनुवादित मालिकांतून आली आहेत आणि ती लिहिली की नटही ती परकी म्हणून बोलतो. इथं भीती कामातून, वेळेतून, जेवणातून बोलली जाते. ‘लई येळ केलास आज.’ ‘त्यो दिवा जरा इकडं सरकव.’ ‘कव्हा निघणार मग?’ रागाच्या रूपातही येते: ‘जायचं तर जा की, म्या कुठं अडवायलोय.’

संबोधन हे तुमच्याकडचं फुकटचं आणि सर्वांत धारदार हत्यार आहे. किसन १९७२ चा. साहेबाच्या कामावर आलेल्या शिकलेल्या मुलीला तो ‘बाई’ म्हणेल आणि अहो-जाहो करेल. ‘मॅडम’ हा शब्द त्याच्या तोंडी येणार नाही. अश्विनी त्याला ‘तुम्ही’ म्हणते. ती ‘तू’वर कधी येते हे भाग क्रमांकासकट ठरवा आणि ते प्रेमाच्या भरात नको, भांडणात असू द्या. तिनं रागात ‘तू’ म्हटलं आणि दोघांनाही ते ऐकू आलं, की पुढच्या भागात ‘तुम्ही’वर परत जाणं हीच एक माघार होते. बोलीची मात्र खिचडी नको. अश्विनी बीडची, शिकलेली. घरच्यांशी फोनवर एक बोलते, खात्यात दुसरं. किसनशी बोलताना दहाव्या भागानंतर तिचं फोनवरचं बोलणं डोकवायला लागावं.

पायरी ८: भांडणात वापरलेली कबुली

चौथा टप्पा हाच. माणूस उघडं पडायला घाबरतो ते नेमकं याच क्षणाला: आपण विश्वासानं दिलेलं उद्या आपल्यावरच उगारलं जाईल. मालिकेनं हे दाखवलं नाही तर आधीची सगळी भीती खोटी ठरते.

मार्चमध्ये किसन तिला म्हणतो की आईला फोन कर, तिला भेटून ये. अश्विनी चिडते आणि म्हणते, ‘बहिणीच्या तोंडचं खाणाऱ्यानं मला शिकवू नये.’ या वाक्यानंतर संवाद नको. किसन खोटं बोललेला नाही, तरी तो एक पायरी उतरतो. मग दुसरी. इतके भाग जी हालचाल नियमामुळं होत होती, ती आता तो स्वतःहून करतो. नियमाचा असा दुसरा उपयोग मालिकेत एकदाच करा.

इथून परत यायला किमान दोन भाग द्या. अश्विनी हाक मारते, तो येत नाही. म्हणजे कणगीमागं लपलेल्या मुलीच्या आईच्या जागी आता ती उभी आहे. तिची पूर्ण गोष्ट इथंच सांगून होते, रिकाम्या पाण्याला, तो ऐकतोय की नाही हे माहीत नसताना. माफीचा शब्द घालू नका. ‘आई हाका मारत होती. मला ऐकू येत होतं,’ एवढ्यावर थांबवा.

पायरी ९: दिवसाउजेडीचा सीन

डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो झुलत्या पुलावर केलेला प्रयोग १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच, हलत्या पुलावर भेटलेल्या तरुणीला नंतर फोन करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण भक्कम, कमी उंचीच्या पुलावरच्या पुरुषांपेक्षा जास्त निघालं. भीतीनं वाढलेली धडधड आकर्षणाची समजली जाऊ शकते, असा त्याचा अर्थ लावला जातो. पटकथाकाराला यात सोय आहे आणि सापळाही. अंधारात जवळ आलेली पात्रं प्रेक्षकाला लगेच पटतात, पण ते प्रेम आहे की नुसती धडधड हे त्याच्या मनात राहतंच.

म्हणून दर सहा भागांत एक सीन भर दुपारी ठेवा. भूत नाही, संकट नाही, मोटार बंद. तो पायरीवर, ती वहीत आकडे भरते, दोघं गप्प किंवा किरकोळ बोलतात: यंदा तूर कशी आहे, वेळा अमावस्येला लातूरकडं शेतात भज्जी-आंबील असते तशी तुमच्याकडं असते का. या सीनमध्ये दोघांना एकत्र बसावंसं वाटलं तरच रात्रीचे सीन प्रेमाचे ठरतात. वाहिनीकडून हा सीन कापायची सूचना हमखास येईल. त्यावर भांडा.

याच्याशीच जोडलेली गोष्ट: घाबरलेल्या माणसाचं बिलगणं ही संमती नसते. भय संपल्यावर, श्वास जागेवर आल्यावर कुणीतरी आपणहून जवळ सरकलं पाहिजे, आणि सरकणारं पात्र दरवेळी तेच नसावं. ‘तू माझ्याशिवाय सुरक्षित नाहीस’ हे वाक्य नायकाच्या तोंडी आलं तर ते धमकीसारखं लिहा आणि तसंच चित्रित होऊ द्या.

कुठं बिघडतं

भूत तिसऱ्या-चौथ्या भागात पूर्ण दिसून जातं, कारण प्रोमोला चेहरा हवा असतो. चेहरा द्या, पण नियम राखून ठेवा. प्रेक्षकाला पुढं ओढतं ते ‘हे असं का होतं’ हा प्रश्न.

खलनायक मांत्रिक मध्येच येतो. तो आला की दोघांची भीती त्याच्यावर ढकलली जाते आणि दोघं एका बाजूचे होतात. एकमेकांना घाबरायचं कारणच संपतं. बाहेरचा शत्रू हवाच असेल तर बारव बुजवून तिथं सभागृह बांधायला निघालेली ग्रामपंचायत घ्या. तिला भुताशी काही देणंघेणं नसतं.

भाग वाढवायला सांगितलं की नवा गैरसमज पेरला जातो. फोनवरचं अर्धं बोलणं ऐकून रुसणं हा उघडं पडण्याचा शत्रू आहे, कारण त्यात कुणीच काही सांगत नाही. भाग वाढवायचे तर शिडीला टप्पा जोडा. गोदाला संशय येतो, ती रात्री बारवेकडं येते, किसन लपतो. हे चार भाग सहज चालतं.

शेवटी गोदा आणि किसन समोरासमोर आले की दोघांनी रडून मिठी मारावी असा दबाव येतो. त्यापेक्षा किसननं सुकडीचं सांगावं आणि गोदाला ते आठवतही नसावं. ज्या ओझ्यापायी तो इतकी वर्षं पाण्यात राहिला ते दुसऱ्या बाजूला कधी नव्हतंच. नटांना इथं वेळ द्या, संवाद चार ओळींपेक्षा जास्त नकोत.

चित्रीकरणाआधी

खरी बारव असेल तर ती कुणाच्या ताब्यात आहे ते आधी विचारा. पुरातत्त्व खात्याकडं असेल तर लेखी परवानगी, आणि दगडाला रंग, खिळा, आग यातलं काहीही लावायचं नाही. पाण्याच्या रेषेखालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. नटाला कमरेएवढ्या पाण्यात उभं करायचं तर खाली खरखरीत रबरी चटई आणि शेजारी पोहणारा माणूस हवा. पाण्याची पातळी सीनगणिक बदलणार आहे, म्हणून पायऱ्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येक सीनच्या शिरोभागी ‘किसन पायरी ६’ असं लिहा. क्रम सोडून चित्रीकरण झालं की हाच आकडा सगळ्यांना वाचवतो.

मग पूर्ण पटकथा दोनदा वाचा. पहिल्यांदा प्रत्येक सीनमधून भूत काढून पाहा. सीन तसाच उभा राहिला तर भूत तिथं शोभेला आहे, नियम आणखी आत घाला. दुसऱ्यांदा झाकलेल्या गोष्टी काढून पाहा. सीन तरीही चालला तर ती नुसती दचकवणी आहे. ती कापा किंवा शिडीच्या एखाद्या टप्प्याला बांधा. किसनचे संवाद सेलू-जिंतूरकडच्या वयस्कर माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि जिथं तो अडखळेल ती ओळ त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.